डोक्यावरचा गुंड उतरवा, तिची वाट मोकळी करा

आमच्या वस्तीलगतच्या मैदानावर पहाटे साडेपाचला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावतात. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून थंडी असो की धुके, मैदानाच्या फेऱ्या चुकत नाहीत. त्यातलीच एक लग्न झालेली मुलगी गेल्या हिवाळ्यात विहारातल्या आरोग्य बैठकीला आली आणि सगळ्या बाया उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, मले तिसरा महिना लागला. सासूबाई म्हणतात धावणं बंद कर, नाहीतर गर्भ पडन. खरं हाये का?"

आम्ही तिला उलट विचारले, "बाई, दिवसभरात आणखी काय काय करतेस?"

तिने मोजायला सुरुवात केली. चार वाजता नळ येतो. गल्लीच्या टोकावरून सहा गुंड पाणी आणायचे. मग स्वयंपाक, घरचे धुणे, दोन घरची भांडी, दुपारी दळण, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. आम्ही विचारले, यातले काय बंद कर म्हणून सांगितले? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि हसली. बंद फक्त धावणे झाले होते. गुंड डोक्यावर तसाच होता.

पंधरा लिटरचा गुंड म्हणजे पंधरा किलो पाणी, गुंडाचे वजन वेगळे. सहा खेपांचे नव्वद किलो झाले. पोटुशी बाईने हे रोज उचलले तर कुणाला भीती वाटत नाही. पण तीच बाई पायात बूट घालून मैदानावर निघाली की अख्ख्या गल्लीला गर्भाची काळजी लागते.

भगिनींनो, या अंकात आम्हाला एवढेच सांगायचे आहे. घरकाम आणि मजुरी हा व्यायाम नव्हे. दोन जिवांच्या बाईला दोन गोष्टी मिळाल्या पाहिजेत, जड कामातून सुटका आणि रोजचा अर्धा तास स्वतःच्या चालण्या-फिरण्यासाठी. आपण तिला यातली एकही देत नाही. ओझे तसेच ठेवतो आणि मोकळी हालचाल तेवढी बंद करतो.

आधी आमची चूक

आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला, बरीच वर्षे प्रसूती कक्षात रात्रपाळ्या काढल्या आणि मग नोकरी सोडून वस्त्यांत कामाला लागलो. दवाखान्यात असताना येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला आम्ही सांगायचो, "आराम कर." कार्डावर शिक्का मारायचो आणि पुढच्या बाईला हाक द्यायचो. घरी पाणी कोण भरते, हे आम्ही कधी विचारले नाही. रांगेत तीन तास उभ्या राहिलेल्या बाईला आम्ही आराम कर म्हणत होतो! वस्तीत आल्यावर कळले की आमचा तो शब्द घराच्या दारापर्यंतही पोहोचत नव्हता. पोहोचलाच तर उलटा अर्थ घेऊन. बाईचे बाहेर फिरणे बंद व्हायचे, काम मात्र चालूच राहायचे.

विज्ञान काय सांगते

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली शारीरिक हालचालीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत गरोदर स्त्रियांसाठी वेगळा भाग आहे. काही अडचण नसेल तर गरोदर बाईने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम जोराची हालचाल करावी, असे त्यात सांगितले आहे. रोजचा अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालते. ज्या स्त्रिया गरोदर राहण्याआधीपासून नियमित जोराचा व्यायाम करत होत्या, धावत होत्या, त्या तो चालू ठेवू शकतात, हेही त्यात स्पष्ट आहे.

याचा फायदा काय? गरोदरपणातला मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांचा धोका कमी होतो. वजन बेसुमार वाढत नाही. बाळंतपणानंतर येणारी मनाची उदासी कमी होते. आणि अशा व्यायामामुळे बाळ दगावण्याचा धोका वाढत नाही.

मग "गर्भ पडन" ही भीती कुठून आली? पहिल्या तीन महिन्यांत काही गर्भ पडतात, हे खरे. पण त्यांतल्या फार मोठ्या भागाचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. तो गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. बाई चालली म्हणून, धावली म्हणून, जिना चढली म्हणून तो होत नाही. गर्भ पडला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "काय केलं होतंस?" आधीच दुःखात असलेल्या बाईला आपण आरोपी करतो. हा प्रश्न आपल्या घरांतून कायमचा जावा, असे आम्हाला वाटते.

कष्ट आणि व्यायाम यांत फरक काय

एक सासूबाई आम्हाला म्हणाल्या, "आमी तं नवव्या महिन्यातबी रोवण्याले जात होतो. आमाले काही झालं का?" भंडारा-गोंदियाकडून आलेल्या त्या मावशी. चिखलात दिवसभर कमरेत वाकून धानाची रोवणी केलेली बाई. त्यांच्या कष्टापुढे आम्ही मान झुकवतो. पण आम्ही त्यांना विचारले, "मावशी, तुमची किती लेकरं झाली आणि किती जगली?" त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "सहा झाली. चार हायेत."

त्या दोघांचे काय झाले, हे आज कुणी सांगू शकत नाही. रोवणीमुळेच गेली, असे म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. पण "काही झालं नाही" हेही खरे नव्हते.

फरक असा आहे. व्यायामात बाई स्वतः ठरवते, केव्हा सुरू करायचे, किती जोर लावायचा, दम लागला की कुठे थांबायचे. मजुरीत हे मुकादम ठरवतो. घरी नळाची वेळ ठरवते. वारंवार जड वजन उचलणे, तासन्‌तास उभे राहणे, रात्रपाळी, यांचा संबंध दिवस पूर्ण होण्याआधीच्या बाळंतपणाशी आणि कमी वजनाच्या बाळाशी असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. चालणे आणि बेताचे धावणे यांच्याबाबत मात्र तसे दिसलेले नाही. शरीर तेच, घामही तोच, परिणाम वेगळा.

म्हणून "ती दिवसभर कामात असते, तिला वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्नच चुकीचा आहे. तसेच "फरशी पुसली की बाळंतपण सोपं होतं" हेही ठरलेले सत्य नाही. हलके काम करायला हरकत नाही. पण फरशी पुसून नॉर्मल बाळंतपणाची हमी मिळत नाही, आणि सिझर झाले तर सून आळशी होती असाही अर्थ होत नाही.

आठशे मीटरची गोष्ट

अमेरिकेत अलिशिया मोंटान्यो नावाची ८०० मीटरची राष्ट्रीय विजेती धावपटू आहे. २०१४ च्या जूनमध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत धावली, तेव्हा ती ३४ आठवड्यांची गरोदर होती. म्हणजे आठवा महिना. ती सर्वांत शेवटी आली. आपल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा तिला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला. तरी मैदान उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिच्या पाठीशी डॉक्टर होते आणि वर्षानुवर्षांचा सराव होता. कुणीही उठून तसे करावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तिचे पुढचे पाऊल आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. गरोदर खेळाडूंचे मानधन कापणाऱ्या कंपन्यांविरुद्ध २०१९ मध्ये ती जाहीरपणे बोलली. धावण्याच्या हक्काबरोबर तिने पोटाच्या भाकरीचा हक्कही मागितला.

ही मागणी आपल्याला नवी नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज पगारी रजा २६ आठवड्यांपर्यंत पोहोचली आहे. पण दोन घरची भांडी घासणाऱ्या आपल्या बाईपर्यंत ती आलेली नाही. पहिल्या बाळंतपणाला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई व्हावी आणि बाईला आराम मिळावा, यासाठी ते आहेत. ते पैसे घराच्या खर्चात जिरून जातात आणि बाई कामावर जातच राहते. कायदा येईल तेव्हा येईल, त्यासाठी भांडत राहूच. पण घरातला गुंड उतरवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

कुणी, किती, कसे

आता उपयोगाचे सांगतो. सुरुवात करण्याआधी एकदा तपासणी करून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून मोफत तपासणी होते. आशाताईला सांगून जा आणि डॉक्टरांना तोंडाने विचारा, "मी चालू शकते का? धावू शकते का?" विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, हे आम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिले आहे.

ज्या बाईने आधी कधी व्यायाम केला नाही, तिने धावू नये, चालावे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग हळूहळू वाढवत अर्धा तास. जी आधीपासून धावत होती, तिने वेग कमी करावा आणि घड्याळाशी शर्यत सोडून द्यावी. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते, नाडी जलद चालते, म्हणून आधीपेक्षा लवकर दम लागतो. तो कमजोरपणा नव्हे. पोट वाढले की तोल बदलतो, सांधे सैल होतात. तेव्हा धावण्याऐवजी चालण्यावर यावे. कुठल्या महिन्यात, हे तिचे शरीर आणि डॉक्टर ठरवतील, शेजारीण नाही.

जोर किती, हे ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलताना वाक्य तुटू लागले तर वेग कमी करा.

ऊन टाळा. आपल्या नागपूरचा मे महिना ४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच चाला. पाणी पीत राहा. संडास लांब आहे म्हणून आपल्या बाया पाणी प्यायचेच टाळतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि गरोदरपणात तो वाईट. चालण्याची वाट संडासाजवळून जाईल अशी ठेवा. मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल किंवा साधा कॅनव्हासचा बूट घाला. चौथ्या महिन्यानंतर सपाट उताणे झोपून करायचे व्यायाम नकोत. कुशीवर झोपा.

अंगावरून जाण्याच्या जागेचे स्नायू, लघवी रोखताना आपण आवळतो ते, रोज आवळायची सवय लावा. पाच आकडे मोजेपर्यंत आवळा, मग सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. भाजी निवडतानाही होते. बाळंतपणानंतर खोकताना, हसताना लघवी निसटण्याचा त्रास याने कमी होतो. मात्र लघवी करताना मध्येच रोखून हा व्यायाम करू नका.

कुणी थांबायचे

रक्त कमी असेल तर आधी रक्त वाढवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर, तेव्हा व्यायाम नाही, दवाखाना. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक घ्या. ती चहासोबत घेऊ नका आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून ती बंद करू नका.

विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल आहे. हे लपवण्यासारखे नाही, तपासण्यासारखे आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचा व्यायाम करू नये. दमणूक आणि पाणी कमी पडणे यांनी तिला त्रासाचा झटका येऊ शकतो. जी नुसती वाहक आहे, ती चालू शकते, पण उन्हात जोराने धावणे टाळावे आणि पाणी भरपूर प्यावे. तिच्या नवऱ्यानेही तपासणी करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारातली एक असते.

हृदयाचा गंभीर आजार, वार खाली असणे, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलेला असणे, गरोदरपणात वाढलेला रक्तदाब, दिवस भरण्याआधी सुरू झालेल्या कळा, यांत व्यायाम करू नये. जुळे असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

चालताना-धावताना यांपैकी काही झाले तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा: अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक वेळाने येणाऱ्या कळा, चक्कर, छातीत दुखणे, बसल्या जागी दम लागणे, जोराचे डोके दुखणे, एका पोटरीत दुखून सूज येणे. बाळाची हालचाल कमी वाटली तरीही थांबू नका, दाखवा. गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा.

बाळंतपणानंतर साधे असेल तर थोड्या दिवसांत हळूहळू चालायला लागा. सिझर असेल तर डॉक्टर सांगतील तसे. धावणे मात्र साधारण तीन महिन्यांनंतर आणि तेही हळूहळू. भरतीची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नका. भरती पुन्हा निघेल, शरीर एकच आहे.

घराने आणि वस्तीने काय करायचे

नवऱ्यांना आमचे सांगणे आहे. पहाटे चारच्या नळावर तुम्ही उभे राहा. डोक्यावर नको वाटत असेल तर सायकलला दोन कॅन बांधा, पण आणा. त्यात लाज नाही.

सासूबाईंना आमचे सांगणे आहे. तुम्ही जे सोसले ते सुनेने सोसावे, यात मोठेपण नाही. सातव्या महिन्याला ओटी भरता, हिरवी साडी नेसवता, ते जरूर करा. पण त्याबरोबर संध्याकाळी तिच्यासोबत गल्लीतून एक चक्कर मारा. तुमच्या गुडघ्यांनाही बरे. सासू सोबत असली की कुणी नावे ठेवत नाही.

विहाराच्या पंचमंडळाला सांगणे आहे. विहाराचे अंगण संध्याकाळी अर्धा तास गरोदर आणि बाळंतीण बायांसाठी राखून ठेवा. आपल्या गल्ल्या अरुंद, गटारे उघडी, कुत्री मागे लागतात, दिवे बंद. बाई चालणार कुठे? नगरसेवकाकडे समाजमंदिराचा रंग मागता, तसा मैदानाचा दिवा आणि शेजारी एक स्वच्छ संडास मागा. भरतीचे वर्ग चालवणाऱ्या भावांनी लग्न झालेल्या मुलीला दिवस गेले की यादीतून नाव कापू नये. बाजूने चालू द्यावे.

त्या मुलीचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. तपासणीत हिमोग्लोबिन दहाच्या जरा खाली आले. डॉक्टरांनी सांगितले, दोन महिने चाला, गोळ्या घ्या, मग पाहू. तिला वाईट वाटले. आम्ही तिच्या घरी गेलो. सासूबाईंनी चहा दिला, आम्ही हिशेब मांडला, नव्वद किलोचा. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला मुलगा जाऊ लागला. पाचव्या महिन्यात रक्त सुधारले आणि ती मैदानाच्या कडेने हळू धावू लागली, सातव्यात चालण्यावर आली. पहिले काही दिवस लोक थांबून पाहत. मग पाहणे बंद झाले.

बाळ झाले, मुलगी आहे. आई आता पुन्हा फेऱ्या मारते. लेकरू तोवर आजीच्या मांडीवर असते, मैदानाच्या कडेला.

जयभीम.